उष्टं सफरचंद

माझ्या हातांना स्वस्थ बसता येत नाही. हे माझं मत नाही, माझ्या बायकोचं, धम्मशीलाचं आहे; आणि ती जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका असल्यामुळे तिची मतं आमच्या घरात निकालासारखी लागतात. पुरावा म्हणून ती दर वेळी मिक्सरचं उदाहरण देते. (मिक्सर मी दुरुस्तीसाठी खोलला होता. तेव्हा तो चालू होता हे खरं आहे, पण आवाज फार करायचा. आता अजिबात करत नाही.)

त्या शुक्रवारी मी किरकोळ रजा टाकून घरी होतो, आणि ती रजा मी चक्क बायकोच्या कामासाठी टाकली होती. आमच्या मलकापुरात रविवारी समाजाचा वधू-वर परिचय मेळावा होता. मेळाव्याची एक पुस्तिका निघते. लग्नाच्या मुलामुलींचं नाव, उंची, शिक्षण, नोकरी, मामाकुळ, अपेक्षा आणि स्टुडिओत मान वाकडी करून काढलेला फोटो. आजवर ही पुस्तिका समितीतली ज्येष्ठ मंडळी काढायची आणि ती हमखास मेळावा होऊन गेल्यावर छापून यायची. यंदा पहिल्यांदाच ते काम एका बाईकडे आलं होतं. विहारात सगळ्यांसमोर अध्यक्षांनी विचारलं, "मॅडम, जमंन ना तुमाले?" विचारताना ते हसले. त्यांच्या मागचे चौघंही हसले.

धम्मशीला हसली नाही. घरी आली, लॅपटॉप उघडला आणि पुढचे दोन महिने शाळा, स्वयंपाक आणि भांडी आटोपून रोज टाईप करत बसली. चौसष्ट मुलामुलींची माहिती तिनं एकटीनं बसवली. तिचा उजवा खांदा धरला. मी मलम चोळून दिलं. (एकदा.)

माझ्याकडे काम होतं फक्त तपासण्याचं. पंधरा दिवसांपूर्वीच तिनं सांगितलं होतं, "तुमी सरकारी मानूस, तुमाले चुका सापडतात. एकदा नजर घाला." मी "हाव" म्हणालो होतो. त्यानंतरही मी रोज "हाव" म्हणत होतो. शेवटी त्या शुक्रवारी सकाळी पर्स खांद्याला अडकवत ती म्हणाली, "लॅपटॉप टेबलावर हाय. चौसष्टही पानं नीट वाचा. सहाच्या आत प्रेसवर द्याचं हाय. मी पाच वाजेलोक येते. आन् ऐका, दुसऱ्या कशाले हात लावू नका."

एवढं साधं काम होतं. मी पहिलं पान उघडलं, पहिल्या मुलीचं नाव वाचलं आणि मला माझे साडू आठवले.

साडू पुण्याला असतात आणि रविवारी मेळाव्याला येणार होते. गेल्या मे महिन्यात आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो. टेबलावर त्यांचा चंदेरी लॅपटॉप होता. पाठीवर ते सफरचंद, कुणीतरी एक घास खाऊन ठेवलेलं. मी नुसता बघायला म्हणून हात पुढे केला तर साडू म्हणाले, "अं हं, प्रसेनजितराव, हात लावू नका. ही वेगळीच वस्तू आहे. तुमच्याकडच्यासारखी नाही." रात्री जेवताना मी सहज बोललो की सध्या ऑफिसात ऑडिटचं काम करून राह्यलो. त्यावर त्यांनी विचारलं, "म्हणजे नक्की काय? काम करताय, की करायचं राहिलंय?" सगळे हसले. धम्मशीलाही थोडी हसली. ते मला आजही लागतं.

तर पहिल्या पानावरून लक्ष उडालं म्हणून मी मोबाईल उघडला आणि समोर एक व्हिडिओ आला. 'कोणत्याही साध्या लॅपटॉपवर सफरचंदवाली सिस्टीम, फक्त वीस मिनिटांत.' सांगणारा माणूस गोड हसत म्हणत होता की कंपनीची या गोष्टीला परवानगी नाही, पण घाबरू नका दोस्तहो. मी घाबरलो नाही. वीस मिनिटं म्हणजे साडेनऊपर्यंत सफरचंद आणि मग दिवसभर तपासणी. रविवारी साडू आमच्या घरी बसलेत, समोर लॅपटॉप, पडद्यावर सफरचंद, आणि मी म्हणतोय, "लावा की हात. आमच्याकडं चालते." हे चित्र मला इतकं आवडलं की मी उठून दोनदा खोलीत फिरलो.

पहिली गरज पेन ड्राइव्हची. तो टेबलाच्या खणात सापडला, निळा, लाल दोरी बांधलेला. 'यातलं सगळं पुसलं जाईल' असं लॅपटॉपनं विचारलं. बोटाएवढी वस्तू, तिच्यात असून असून काय असणार, म्हणून मी हो म्हटलं. मग व्हिडिओतल्या माणसाच्या सांगण्यावरून लॅपटॉप बंद केला, चालू होताना एक बटण टकाटका दाबत राहिलो, आतल्या कुठल्याशा पानावर जाऊन सुरक्षेचं एक कुलूप होतं ते उघडलं. पडदा काळा झाला. त्यावर पांढरी अक्षरं अशी धावायला लागली की मला वाचताच येईनात. आणि एकदम सगळं शांत होऊन मधोमध सफरचंद उगवलं. खरं सांगतो, एवढा आनंद मला कायम झाल्याचा आदेश हातात पडला तेव्हाही झाला नव्हता.

आता इथं मला माझ्या नोकरीविषयी थोडं सांगावं लागेल. मी एका सरकारी कार्यालयात क्लार्क आहे. (कोणत्या ते विचारू नका, अजून अकरा वर्षं काढायची आहेत.) आमचं सगळं काम ऑनलाईन झालंय, आणि आमच्या संगणकाची एक सवय आहे. पहिल्या क्लिकला तो ऐकत नाही. दुसऱ्या क्लिकला विचार करतो. तिसऱ्या क्लिकला काम करतो. त्यामुळे आमच्या ऑफिसात जो तो कुठलंही बटण तीनदा दाबतो. मी घरची बेलसुद्धा तीनदा वाजवतो. आणि पडद्यावर जी काही सूचना येते ती वाचायची पद्धत आमच्यात नाही, कारण ती रोज तीच असते.

सफरचंदवाल्या सिस्टीमनं विचारलं, कुठं बसू? मी डिस्क दाखवली. ती म्हणाली, ही आधी पुसावी लागेल. मी 'पुसा' हे बटण दाबलं. सवयीनं तीनदा दाबलं. पण हा लॅपटॉप काही सरकारी नव्हता. तो पहिल्याच क्लिकला तयार होता. दुसऱ्या क्लिकला त्यानं 'नक्की ना?' विचारलं होतं, त्याचं उत्तर मी न वाचताच देऊन बसलो. तिसऱ्या क्लिकला 'झालं' असं लिहून आलं. सगळा कारभार चार सेकंदांत उरकला. इतका वेग मी आयुष्यात पाहिला नव्हता, म्हणून मला कौतुकच वाटलं.

पुढे लिहून आलं, 'बारा मिनिटं बाकी.' अर्ध्या तासानंही बारा मिनिटंच बाकी होती. मी चहा केला. खिडकीत उभा राहिलो. गॅलरीत जाऊन वाळत घातलेले कपडे उलटे करून आलो. बाकी अकरा मिनिटं झाली. मी खुर्चीत बसलो, तर पुन्हा बारा झाली. म्हणून मी उभाच राहिलो. साडेअकराला लॅपटॉप आपोआप बंद झाला, पुन्हा सुरू झाला, सफरचंद आलं, खालची पट्टी अर्ध्यापर्यंत गेली, आणि सफरचंदाच्या जागी एक गोल आला. त्यात एक तिरपी रेघ. रेल्वे स्टेशनसमोर 'नो पार्किंग'चा बोर्ड असतो ना, तसा.

मी बंद केला, चालू केला. नो पार्किंग. पेन ड्राइव्ह काढून लावला. नो पार्किंग. मग म्हटलं जाऊ दे सफरचंद, आपली जुनी सिस्टीम बरी, पुस्तिका तपासून टाकू.

आणि तेव्हा मला कळलं की 'पुसा' म्हणजे काय पुसलं.

खुर्ची मागेच होती, पण मी तिच्यावर न बसता जमिनीवर बसलो. मग लगेच उठलो, कारण बसवेना. कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या कोकिळाताईंना फोन लावला. बस स्टँडजवळ त्यांचं दुकान आहे, आणि हाताला गुण आहे. त्या धम्मशीलाच्या मैत्रीण आहेत एवढीच अडचण होती.

"कोकिळाताई, एका मित्राच्या लॅपटॉपबद्दल इचाराचं होतं."

"बोला साहेब. काय केलं मित्रानं?"

"जुनी सिस्टीम काढून सफरचंदवाली टाकली."

"काऊन?"

का म्हणून, हा प्रश्न सकाळपासून मला कुणीच विचारला नव्हता. मी विषय बदलला. "आता एक गोल येऊन राह्यला. त्यात तिरपी रेघ."

"येईनच. डिस्क पुसली काय त्यानं?"

"तीनदा."

"त्याच्यात महत्त्वाचं काही होतं काय?"

"चौसष्ट पोरंपोरी."

त्या हळूच म्हणाल्या, "साहेब, मॅडमले सांगतलं?"

"नाई."

"बरं, घाबरू नका. मॅडमजवळ दुसरी कॉपी असंन. मागच्या महिन्यात माझ्याच दुकानातून पेन ड्राइव्ह नेला होता त्यायनं. निळा. हरपू नये म्हनून मीच त्याले लाल दोरी बांधून देल्ली होती."

लाल दोरी लॅपटॉपच्या कडेला लोंबत होती. मी तिच्याकडे पाहिलं.

"ताई," मी म्हणालो, "मित्रानं तो पन पुसला."

"आता कशालेच हात लावू नका," त्या म्हणाल्या. "जितकं कराल तितकं आतलं बुजते. मी आज नांदुऱ्याले हाय, ननंदंकडं. सोमवारी आना, पाहू काय निंगते तर."

मेळावा रविवारी होता. मला अध्यक्षांचं हसू दिसायला लागलं. रविवारी ते माईक घेऊन उभे राहणार आणि म्हणणार, पुस्तिका काही निघाली नाही, चालायचंच. त्यांच्यामागचे चौघंही पुन्हा हसणार. धम्मशीला पहिल्या रांगेत तिची ती निळी पैठणी नेसून बसलेली असणार. मिक्सरचं मला कधी वाईट वाटलं नाही, पण हे वाटलं.

हातानं भरून आलेले अर्ज घरात असतील म्हणून मी कपाट उपसलं, पलंगाखाली शिरलो, गव्हाच्या कोठीतही हात घालून पाहिला. अर्ज नव्हते. सापडली फक्त नोंदवही. तीत चौसष्ट नावं आणि त्यांच्या आईवडिलांचे फोन नंबर होते, बाकी काही नाही. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती. मी ठरवलं, सगळ्यांना फोन करायचे, माहिती नव्यानं घ्यायची, आणि पाचच्या आत पुस्तिका पुन्हा उभी करायची. मात्र काय झालंय ते कुणाला कळू द्यायचं नाही. गावभर झालं तर ते अध्यक्षांपर्यंत पोचणार.

पहिला फोन धामणगाव बढ्याच्या जानरावांना. त्यांची मुलगी महामाया बुलढाण्याला नर्स आहे, एवढं मला ठाऊक होतं.

"जय भीम जानरावजी. मलकापूरहून प्रसेनजित बोलून राह्यलो. महामायाची उंची किती?"

"जय भीम. उंची? काऊन साहेब?"

"असंच. पाह्यजे होती."

"कोनाले पाह्यजे होती?"

"ते आताच नाई सांगता येत."

जानराव एकदम खालच्या आवाजात बोलायला लागले. "समजलो. नका सांगू, नका सांगू. पाच फूट तीन इंच. चपल न घालता."

"मामाकुळ?"

"सांगतो ना!" त्यांनी तीन पिढ्या सांगितल्या. "रंग निमगोरा लिहा. सैपाक येते. मोटरसायकल चालवते, पन ते लिहा का नका लिहू तुमी ठरवा."

"आन् एक फोटो पाठवा. अर्जंट."

"अर्जंट!" जानराव म्हणाले, आणि फोन न ठेवताच ओरडले, "अवं ऐकलं काय! अर्जंट म्हनते!"

दुसरा फोन संग्रामपूरच्या सिंधूताईंना. त्यांचा रवी वीज उपकेंद्रात तंत्रज्ञ. त्यांनीही विचारलं, कोणाला हवंय? मी म्हटलं, तसं काही नाही. त्या म्हणाल्या, "हाव हाव, तसं काही नाईच म्हनाव लागते." आणि रवीला व्यसन नाही हे चार वेळा सांगितलं.

माझ्यासारख्या इथंच जन्मलेल्या माणसाच्या हे लक्षात यायला हवं होतं. आपल्याकडे स्थळाची चौकशी कधी सरळ होत नाही. मध्यस्थाचा फोन अवेळी येतो, तो उंची आणि मामाकुळ विचारतो, फोटो मागतो, आणि कुणासाठी ते सांगत नाही. सांगत नाही म्हणजे स्थळ पक्कं. माझं स्वतःचं लग्नसुद्धा असंच ठरलं होतं. पण त्या दुपारी माझ्या डोक्यात फक्त आकडे होते. जुन्या पाकिटांच्या पाठीवर मी उंच्या लिहीत सुटलो होतो, आणि अडीच वाजेपर्यंत एकोणीस घरांत मी पक्क्या स्थळाची आशा लावून दिली होती. नंतर मला फोन लावताच येईना, कारण सगळे उलट मलाच लावत होते.

"पोरगा परमनंट हाय ना साहेब?"

"शेती किती म्हनता त्यायले?"

"आमी यीवूनच जातो. फोनवर अशा गोष्टी बोलत नसतात."

येऊ नका असं मी सगळ्यांना सांगितलं. तेही चौकशीच्या रीतीत बसत होतं.

साडेतीनला दारात जीप थांबली. जानराव, त्यांच्या पत्नी, मेळाव्यासाठी घरी आलेली महामाया, महामायाचे मामा आणि एक पोतंभर तूर असे सगळे उतरले. "म्हनलं मुलगी संगंच दाखवून टाकू," जानराव म्हणाले, "पुन्हा पुन्हा जीप सांगाव लागत नाई." मग त्यांनी घर पाहायला सुरुवात केली. भिंतीवर बोटानं ठोकून पाहिलं. स्वयंपाकघरात जाऊन नळ उघडला.

"पानी किती दिवसाआड?"

"आठ."

"आमच्याकडं बारा. बरं हाय." त्यांनी मामांकडे पाहून मान हलवली. "घर सोताचं?"

"हाव."

"पोरगं कुठी हाय?"

"शाळेत."

"मास्तर हाय! वा!"

"मास्तर नाई. शिकते. नववीत हाय."

जानराव सोफ्यावर बसले. मामांनी त्यांच्यासाठी पाणी मागितलं. "साहेब," पाणी पिऊन जानराव म्हणाले, "मंग उंची कोनासाठी इचारली?"

मी तोंड उघडणार तेवढ्यात सिंधूताई रवीला घेऊन दारात उभ्या. घामेजलेल्या, बस बदलत आलेल्या, हातात पेढ्यांचा पुडा. जानरावांनी रवीला पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. सिंधूताईंनी महामायाला डोक्यापासून पायापर्यंत पाहिलं. मग दोघांनीही माझ्याकडे पाहिलं, आणि जानरावांचा चेहरा उजळला.

"असं हाय काय! साहेब, तुमी तर लय खोल मानूस निंगाले!"

नाही म्हणायच्या ऐवजी मी पेढ्यांचा पुडा हातात घेतला. खोल म्हणून मला आजवर कुणी ओळखलं नव्हतं.

तासाभरात आणखी तीन घरं येऊन टेकली. बसायला सतरंज्या टाकल्या. शेजारच्या सोजराबाईंकडून कप आणले, त्यांनी कप देता देता "कोनाचं जमलं?" असं विचारून घेतलं. चहा मीच केला. मी ट्रे घेऊन बाहेर आलो तेव्हा तीसेक डोळे माझ्यावर लागले, आणि मी आपोआप मान खाली घातली. दाखवण्याच्या कार्यक्रमात मुलींचं काय होत असेल ते मला त्या दिवशी समजलं. सिंधूताईंनी घोट घेतला आणि म्हणाल्या, "हाताले चव हाय तुमच्या." सकाळपासून माझ्या हाताबद्दल कुणी बरं बोललेलं हे पहिलंच वाक्य.

माझं सगळं लक्ष घड्याळात होतं. साडेचार झाले होते. टेबलावर लॅपटॉप तसाच उघडा होता, आणि त्यावर तो नो पार्किंगचा बोर्ड.

"काका, हे काय झालं?" रवीनं विचारलं.

मी पहिल्यांदाच कुणाला खरं सांगितलं, अगदी हळू आवाजात आणि अर्धंच. दुसरी सिस्टीम टाकत होतो, म्हटलं. रवी वाकून बघायला लागला. एवढा वेळ जमिनीकडे बघत बसलेली महामाया उठून आली. "आमच्या होस्टेलात एकीनं केलतं असंच," ती म्हणाली. "पेन ड्राइव्ह दुसऱ्या बाजूच्या खाचेत लावून पाहा. इकडची खाच त्याले चालत नाई."

"अडाप्टर लावून आहे ना?" रवीनं विचारलं.

"हाव, पन हे कुलूप नीट उघडलेलं नाई. पाहा, इथं."

दोघं टेबलावर वाकले. एकदा तिनं बटण दाबलं, एकदा त्यानं. त्याचा हात तिच्या हाताला लागला, तो दोघांनीही बाजूला घेतला नाही. सतरंजीवरून जानराव आणि सिंधूताई हे सगळं टीव्ही पाहिल्यासारखं पाहत होते. पुन्हा अक्षरं धावली, सफरचंद आलं, पट्टी पुढे सरकली. अर्ध्यावर आली. मामा बघायला उठून उभे राहिले. पट्टी अर्ध्यावरून पुढे गेली, पूर्ण झाली आणि पडद्यावर सुंदर निळे-जांभळे डोंगर उगवले. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मामांनी पेढा वाटला.

मात्र बाण हलेना. वायफाय सापडेना. आवाज येईना. बटणं दाबली तर काहीच होईना. जानराव जवळ येऊन चष्मा लावून बघत राहिले. "दिसाले चांगलं हाय," ते म्हणाले, "पन करत काहीच नाई. असे दोन जवाई नाकारले मी."

आणि दारातून आवाज आला, "काय झालं? कोन गेलं?"

धम्मशीला. दाराबाहेर सोळा जोड चपला आणि आत सतरंजीवर बसलेली माणसं बघून तिचा चेहरा पांढरा पडला होता. तिनं आधी मला शोधलं. मी दिसलो तेव्हा तिचा जीव भांड्यात पडला, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं, आणि त्यामुळे पुढचं बोलणं मला आणखी जड गेलं.

"पुस्तिका गेली," मी म्हणालो.

सगळ्यांसमोर सांगितलं. साडू, सफरचंद, तीन क्लिक, लाल दोरी, फोन, सगळं. जानरावांच्या हातातला पेढा तसाच राहिला. "तुझे दोन महिने मी चार सेकंदांत पुसले," मी म्हणालो. "तू मले फक्त वाचाले सांगतलं होतं. मी एकच नाव वाचलं." आणि मला खरोखरच रडू आलं, पाहुण्यांसमोर, हातात रिकामा ट्रे.

धम्मशीलानं ट्रे माझ्या हातातून घेतला. लॅपटॉपकडे पाहिलं. पेन ड्राइव्हकडे पाहिलं. मग पर्स उघडली आणि एक पुस्तिका काढून माझ्यासमोर धरली. गुळगुळीत कव्हर, कोरा वास, चौसष्ट पानं.

"बुधवारीच देल्ली प्रेसले," ती म्हणाली. "अर्जांचा गठ्ठाबी तिथंच हाय. तपासलं मीच. तुमी पंधरा दिवस हाव हाव करून राह्यले, म्हनलं या मानसाच्या भरोशावर मेळावा पुढच्या वर्षी व्हईन."

"मंग मले आज तपासाले काऊन सांगतलं?"

तिनं पाहुण्यांकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "तुमी रजा टाकली म्हनून. दिवसभर घरी एकटे. गेल्या रजेत मिक्सर खोलला होता. म्हनलं वाचाले काही देल्लं तर हात गुतून राह्यतीन."

सिंधूताई हसल्या. मग जानराव हसले, मग रवी आणि महामाया एकाच वेळी, आणि शेवटी धम्मशीला इतकी हसली की तिला भिंतीला टेकावं लागलं. मी पण हसलो. सगळ्यात जास्त मीच हसलो असेन. त्या दोन घरांचं बोलणं त्याच सतरंजीवर पक्कं झालं, जानरावांनी तुरीचं पोतं आमच्याकडेच ठेवलं, आणि घाईघाईत येऊन मागं राहिलेल्या तीन घरांना धम्मशीलानं पुस्तिका दाखवून पुढची स्थळं सुचवून दिली.

रविवारी मेळावा दणक्यात झाला. पुस्तिका मेळाव्याच्या आधी निघाली, हे समाजाच्या इतिहासात पहिल्यांदाच घडलं होतं, आणि अध्यक्षांनी माईकवर ते मान्य केलं. त्यांच्यामागच्या चौघांनीही टाळ्या वाजवल्या. धम्मशीला निळी पैठणी नेसून पहिल्या रांगेत बसली होती. मी तिच्या शेजारी होतो. साडूही आले होते. चंदेरी लॅपटॉप मात्र आला नव्हता. तो कंपनीचा होता, कंपनीनं परत घेतला, असं ते म्हणाले. मला त्यांची थोडी दया आली.

शेवटी पुण्याचे पाहुणे म्हणून साडूंना दोन शब्द बोलायला सांगितलं. त्यांनी पुस्तिका हातात घेतली, संपादिकेचं कौतुक केलं, पानं उलटत शेवटच्या पानापर्यंत गेले आणि आभाराचा मजकूर शुद्ध पुणेरी उच्चारात मोठ्यानं वाचायला लागले. तो मजकूर बुधवारी छापायला गेला होता, सफरचंदाच्या दोन दिवस आधी. प्रती पाचशे होत्या.

"'आणि माझे पती प्रसेनजित यांचे विशेष आभार,'" साडूंनी वाचलं, "'कारण त्यांनी या पुस्तिकेला शेवटपर्यंत हात लावला नाही.'"

टाळ्या थांबेनात, म्हणून त्यांनी ते तीनदा वाचलं.